नवीन पिकअप उंच आहे, फिफ्थ व्हील पुढून उचललेला राहतो

प्रश्न

माझा ट्रेलर फिफ्थ व्हील आहे, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाची पिन पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर टेकून जोडली जाते. जुन्या पिकअपमागे तो अगदी पातळीत चालायचा. नवीन फोर बाय फोर उंच आहे, आणि जोडल्यावर ट्रेलर पुढून वर तोंड करून उभा राहतो. चासीला स्पिरिट लेव्हल लावली तर बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन बसतो. दोन तास चालवून थांबलो की मागच्या एक्सलचे टायर पुढच्यांपेक्षा हाताला स्पष्ट गरम लागतात. हिचचं डोकं सगळ्यात खालच्या भोकात आहे. आता पिन बॉक्स (ट्रेलरच्या पुढे बोल्टने लावलेला, पिन धरणारा भाग) खाली घ्यावा का? हौद्याच्या कठड्यापासून ट्रेलरच्या पोटापर्यंत सध्या ८ इंच मोकळे आहेत. एक्सल रबर टॉर्शनचे आहेत, म्हणजे पाट्यांऐवजी नळीतल्या रबराच्या पिळावर झटके झेलणारे.

उत्तर १

पिकअपच्या मागच्या एअरबॅगमधली (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या फुग्यांतली) हवा थोडी कमी करून बघा, गाडी मागून बसेल. माझं तेवढ्यावर भागलं होतं.

उत्तर २

हवा काढून उंची जुळवू नका. एअरबॅग वजनासाठी आहे. हवा कमी केली की गाडी मागून बसते आणि वजनाला हवा तेवढा आधार उरत नाही.

आणि पिन बॉक्स खाली नको, वर घ्यायचा. इथे बरेच जण उलटं करतात. पिन ट्रेलरवर जितकी वर चढवाल, तितकं ट्रेलरचं पुढचं टोक खाली येतं, कारण हिचची उंची तीच राहते.

आधी मोजून घ्या. सपाट जागेवर, प्रवासाला निघताना असतं तेवढं सामान भरून ट्रेलर जोडा आणि जमिनीपासून हिचच्या प्लेटपर्यंतची उंची घ्या. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप फसवतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनवर येतो, त्याने मागची बाजू दोन-एक इंच सहज बसते. मग ट्रेलर सोडा, पुढच्या पायांवर बरोबर पातळीत आणा आणि पिन बॉक्सच्या तळाची उंची घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं काम.

तुमचे टायर का तापतात तेही सांगतो. पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या दोन एक्सलमध्ये इक्वलायझर नावाचा जोडणारा दुवा असतो, तो वजन बऱ्यापैकी वाटून देतो. टॉर्शनला तो नाही. पुढून उचललं की वजन सरळ मागच्या एक्सलवर. त्यामुळे हे टाळू नका.

प्रश्नकर्ता

मोजलं. हिचची प्लेट ४९ इंच, ट्रेलर पातळीत असताना पिन बॉक्सचा तळ ४६. म्हणजे तीन इंच वर घेऊ?

उत्तर २

दोनच घ्या. तीन घेतलेत तर ८ मधले ५ उरतील, आणि ५ इंचांवर माझंच नुकसान झालंय. पेट्रोल पंपातून तिरकं बाहेर पडताना पुढची चाकं रस्त्यावर चढली, मागची अजून गटाराच्या खोलगट जागेत. एक बाजू कलली आणि हौद्याचा मागचा कोपरा ट्रेलरच्या पोटात घुसला. पत्र्याला वीतभर चीर, कठड्याचा रंग खरवडलेला. तेव्हापासून ६ इंचांच्या खाली मी जात नाही. इंचभर वर राहिलं तर चालेल. तेही नको असेल तर एक्सल आणि चासीमध्ये स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) टाकून अख्खा ट्रेलर उचलावा लागेल. ते ट्रेलर बनवणाऱ्यांना विचारूनच करा, आणि छपराची उंची पुन्हा मोजा. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच आहे.

पिन बॉक्स जड असतो. चाकांना ठोकळे लावा, खालून जॅकचा आधार द्या आणि मगच बोल्ट सोडा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, आकडा पिन बॉक्सच्या पुस्तिकेतला. पहिल्या ५० मैलांनंतर परत तपासा.

प्रश्नकर्ता

रविवारी केलं. दोन इंच वर घेतला, कठड्यापाशी सव्वासहा इंच मिळाले. ५० मैलांवर दोन बोल्टांनी किंचित ताण घेतला, बाकी जागच्या जागी होते. चारही टायरना हात लावून पाहिला. मागचे अजून थोडे जास्त गरम आहेत, पण पूर्वी हात ठेववत नव्हता, आता ठेवता येतो. स्पेसरबद्दल उद्या फोन करतो.