ग्रॅव्हल सायकलला पुढचं सस्पेन्शन: ४० मिमीसाठी एवढा खर्च करावा का?

कालवाकाठ
माझी ग्रॅव्हल सायकल (खडी-मुरुमाच्या रस्त्यांसाठीची): फ्रेम अॅल्युमिनियमची, पुढे कार्बनचा साधा फोर्क (अॅक्सल ते क्राउन, म्हणजे चाकाच्या आसापासून फोर्कच्या वरच्या खांद्यापर्यंत, ३९५ मिमी). टायर ७००×४० (४० मिमी रुंद), ट्यूबलेस, दोन्हीकडे हवेचा दाब ४५ पीएसआय. चालवणाऱ्याचं वजन ७२ किलो. रस्ते मुळशी-ताम्हिणीच्या बाजूचे: निम्मं डांबर, निम्मा मुरूम, मधेमधे उघडी पडलेली खडी. लांब उतारावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, खडीवर पुढचं चाक उड्या मारतं. ३० किंवा ४० मिमी दबणारा एअर फोर्क (आत हवेची स्प्रिंग असलेला) घ्यावा का? फ्रेममध्ये ४५ चा टायर मावतो.

मुरूमवाट
आधी हवा कमी करा, फोर्कचं नंतर बघू. ७२ किलोला ४० च्या ट्यूबलेसमध्ये ४५ पीएसआय म्हणजे टायर दगड गिळतच नाही, उडवून लावतो. पुढे ३२, मागे ३५ पासून सुरुवात करा आणि त्याच खडीच्या तुकड्यावरून दर फेरीला २ पीएसआय उतरवत जा. रिम दगडाला टेकल्याचा ठक्क आवाज आला, किंवा वळणावर टायर कुशीवर कलल्यासारखा वाटला, की ३ पीएसआय परत भरा. तो तुमचा आकडा. पंपावरचा काटा या पट्ट्यात फार चुकतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. ४५ चा टायर टाकलात तर पुढे २७-२८, मागे ३०-३१ च्या आसपास जाल. फक्त टायर आणि फोर्क-फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ५-६ मिमी मोकळं राहतंय का ते मोजा. पावसाळ्यात तांबड्या चिखलात खडे अडकतात आणि कार्बन किसून काढतात.

बोटांचं म्हणाल, तर करंगळी आणि अनामिका बधिर होणं म्हणजे तळव्याच्या टाचेशी नस दाबली जाते आहे. ब्रेकचे हुड (हँडलवर हात टेकतात त्या ब्रेकच्या मुठी) थोडे वर फिरवा, सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर समतल करा (झुकलेल्या सीटवर सगळा भार हातावर येतो), हँडलबारला जाड टेप दुहेरी गुंडाळा. हे सगळं फोर्कच्या किमतीच्या एका कोपऱ्यात होतं.

ट्रेलमापक
वरच्याशी सहमत, पण टायर ही स्प्रिंग आहे, डॅम्पर (उसळी शोषणारा भाग) नाही. मंद वेगात दाब कमी केला की पुरतं. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या मुरुमावर ३५-४० च्या वेगाने उतरताना मात्र मोठा टायर चेंडूसारखा उसळतो, आणि चाक हवेत असताना ब्रेकही लागत नाही आणि वळणही. चांगल्या एअर फोर्कचा खरा फायदा इथे आहे. हाताचा आराम त्याच्यामागून येतो.

आता मोजमाप, कारण बहुतेकजण इथेच फसतात. तुमचा फोर्क ३९५ चा. ४० मिमीचा ग्रॅव्हल फोर्क साधारण ४३५ चा धरू. वर बसल्यावर ८ मिमी सॅगमध्ये, म्हणजे वजनाने दबण्यात, जाईल, म्हणजे पुढचा भाग ३२ मिमी उचलला जाणार. व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) १०३० मिमी धरला तर हे जवळपास पावणेदोन अंश झाले. हेड अँगल (स्टीअरिंगचा जमिनीशी कोन) ७१.५ वरून ७० च्या खाली येतो. ऑफसेट (स्टीअरिंगच्या रेषेपासून आस किती पुढे) तोच राहिला तरी ट्रेल (ती रेषा जमिनीला मिळते तिथून टायर किती मागे टेकतो ते अंतर) १०-१२ मिमीने वाढतो. उतारावर सायकल ठाम वाटेल, पण चढावर सावकाश जाताना पुढचं चाक भरकटेल. बॉटम ब्रॅकेट (पेडल फिरतात तो आस) १३ मिमी वर जातो. सीटही मागे कलते, त्यामुळे तीच बैठक हवी असेल तर सीट रुळावर २० मिमी पुढे घ्यावी लागते आणि स्टेमखालचे (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याखालचे) स्पेसर काढावे लागतात. फ्रेम मुळातच लांब फोर्क धरून बनवलेली असेल तर हा प्रश्न येत नाही. नसेल तर कंपनीने किती लांबीपर्यंत परवानगी दिली आहे ते आधी वाचा. हेड ट्यूबवर ताण वाढतो आणि वॉरंटी तिथेच संपते.

आणि कुणी माउंटन सायकलचा १०० मिमीचा फोर्क स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो ५०० मिमीच्या आसपास असतो, हबची रुंदीही बहुधा जुळत नाही.

वजनाची भीती मात्र फुगवलेली आहे. कार्बन फोर्क साडेचारशे ग्रॅम, एअर फोर्क सव्वा किलो. ८०० ग्रॅम जादा म्हणजे तासाभराच्या घाटात अर्धं मिनिट.

तेलपाणी
घेतलात तर सांभाळायचीही तयारी ठेवा. हवा शॉक पंपानेच भरा. फोर्कच्या चेंबरमध्ये हवा इतकी थोडी असते की टायरचा पंप काढताना निम्मी निसटते. ४० मिमीला सॅग ६ ते ८ मिमी, आणि तो हात हुडवर ठेवून, नेहमीच्या बैठकीत मोजा. नळीवरची रबर रिंग (फोर्क किती दबला ते दाखवणारी) कधीच टोकापर्यंत जात नसेल तर हवा जास्त आहे. रिबाउंड (दबल्यावर फोर्क परत वर येण्याचा वेग) फार मंद ठेवलात तर सलग लाटांवर फोर्क वर यायच्या आत पुढचा दणका बसतो, तो दबूनच राहतो आणि दगडासारखा कडक लागतो. लोक याला ‘फोर्क खराब’ म्हणतात. दोन खटके मोकळा करा.

फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी दर ५० तासांनी फोर्कचे खालचे पाय उघडायला सांगते, २०० तासांनी पूर्ण सर्व्हिस. आपल्या पावसात ५० पर्यंतही थांबू नका. हवा सोडा, तळाचे बोल्ट काही आटे सैल करून हलकेच ठोका, पाय ओढून काढा, काळं तेल फेका, वायपरखालच्या (नळीवरची धूळ पुसणाऱ्या सीलखालच्या) फोमच्या रिंग धुऊन ताज्या तेलात भिजवा, मॅन्युअलमध्ये जितके मिली लिहिलंय तेवढंच तेल भरा. प्रेशरच्या पाण्याने वायपरवर फवारा कधीच मारू नका. गाळ आत जातो, चकचकीत नळीवर ओरखडे पडतात आणि ते भरून येत नाहीत.

मुरूमवाट
हे वादही नवे नाहीत. पॅरिस-रुबे शर्यत जिल्बेर द्युक्लो-लासाल १९९२ आणि १९९३ मध्ये रॉकशॉक्स फोर्क लावून जिंकले. तरी फरसबंदीच्या त्या शर्यतीत पुढे फोर्क टिकला नाही, रुंद टायर टिकले.

सस्पेन्शन स्टेमचं कुणी सुचवेलच. २० मिमी हलतो, आत वजनाप्रमाणे कडक-मऊ रबराचे तुकडे बदलता येतात. हाताला छान. पण चाक जमिनीवर धरून ठेवायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कालवाकाठ
फ्रेमच्या कागदावर फोर्कची कमाल लांबी ४१५ लिहिली आहे.

ट्रेलमापक
मग ४३५ चा विषयच संपला, १० मिमी कमी प्रवासाचाही त्यात बसत नाही. उरतो आइसलँडच्या लाउफचा ग्रिट: अॅक्सल ते क्राउन ४०९, ३० मिमी प्रवास, पट्ट्यांच्या (लीफ) स्प्रिंग, तेल नाही, सील नाही, चिखलाची काळजी नाही. डॅम्पिंगही नाही, त्यामुळे लाटांवर थोडं उसळणं राहील. आधी टायर ४५ चा करा, दाब २८ वर आणा, त्याच उतारावर तरीही चाक उडत असेल तर हा बघा. ४५ चा टायर त्यात मावतो का, ते मात्र पैसे भरण्याआधी मोजा.