स्मृती गेली की माणूस बदलतो का? लिव्हिंग विलच्या निमित्ताने

कर्वेनगरकर (धागाकर्ता)
परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये नियम सोपे केले. बऱ्याच जणांनी कागद करून ठेवलेत. त्यातलं एक कलम मला फार खटकतं: "मला माणसं ओळखता येईनाशी झाली, तर मला जगवण्यासाठी उपचार करू नका."

पासष्टाव्या वर्षी हे लिहिणारा आणि ऐंशीव्या वर्षी सगळं विसरून गॅलरीतल्या उन्हात मजेत शिरा खाणारा, हे दोघे एकच कसे? इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर अख्खं प्रकरण घातलं. त्याच्या मते जाणीव मागे जिथवर पोचते तिथवरच ती व्यक्ती. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली, तर ती व्यक्ती राजपुत्रच. म्हणजे आठवणी पुसल्या गेल्या की पहिली व्यक्ती संपली. संपलेल्या माणसाने दुसऱ्याचे उपचार का थांबवायचे? तो कागद त्या म्हाताऱ्यावर बंधनकारक नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रभात रोडवाला
आधी कायद्याचं. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही, असं डॉक्टरांच्या मंडळांनी ठरवल्यावरच तो कागद लागू होतो. नुसता विसराळूपणा आला म्हणून कोणी सलाईन काढत नाही.

आता लॉक. त्याला थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७८५ मध्येच उत्तर दिलंय. लहानपणी बाग लुटल्याबद्दल फटके खाल्लेला मुलगा पुढे लढाईत शत्रूचं निशाण जिंकतो आणि म्हातारपणी सेनापती होतो. निशाण जिंकताना त्याला फटके आठवत होते. सेनापतीला निशाण आठवतं, फटके मात्र साफ विसरलेत. लॉकच्या हिशेबाने मुलगा आणि अधिकारी एक, अधिकारी आणि सेनापती एक, पण मुलगा आणि सेनापती वेगळे! आठवण हा 'मी'चा पुरावा असेल, पण 'मी' आठवणीने बनत नाही. कागद ज्याने लिहिला त्याचाच तो देह आहे, तेव्हा कागद पाळायला हवा.

सूनबाई कोथरूड
माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. मला त्या ओळखत नाहीत, 'तुम्ही कुणाकडच्या?' असं रोज विचारतात. पण कड उडालेल्या कपात चहा दिला तर कप दोन बोटांनी पुढे सरकवतात आणि काही न बोलता बसून राहतात. माझं लग्न झालं तेव्हाही हेच करायच्या. कामवाल्या बाईंना चहा मिळाल्याशिवाय स्वतः घोट घेत नाहीत, तेही तेव्हापासूनच. ह्या 'दुसऱ्या' व्यक्ती आहेत हे मला कोणी सांगू नये.

नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या संशोधकांचा स्मृतिभ्रंशासारख्या आजारांवरचा २०१५ चा अभ्यास वाचला, तेव्हा मला हेच दिसलं. रुग्णांच्या जवळच्यांना 'हा आता तो राहिलाच नाही' असं वाटतं ते मुख्यतः त्याचा नीतीचा स्वभाव बदलला तर. आठवणी गेल्याने तितकंसं वाटत नाही.

डेक्कनचा वाचक
सूनबाई, तुमचं निरीक्षण मनाला भिडलं, पण त्यातून कायम टिकणारा 'मी' सिद्ध होत नाही. सवय टिकली, एवढंच. ह्यूम या तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये लिहिलं की आत डोकावलं तर ऊन, थंडी, राग, प्रेम यांचे अनुभव सापडतात, ते घेणारा वेगळा सापडत नाही. त्याच्या कितीतरी आधी नागसेन या बौद्ध भिक्षूने मिलिंद या ग्रीक राजाला दिव्याचं उदाहरण दिलं: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नाही आणि निराळीही नाही. 'तीच की दुसरी' हा तुम्हा तिघांचा प्रश्नच चुकीचा मांडलाय. समोरच्या देहाला आत्ता दुःख आहे का, एवढंच बघा.

प्रभात रोडवाला
मग वचन, कर्ज, मृत्युपत्र सगळंच बाद! काल पैसे घेणारा 'तोच नाही' म्हटल्यावर आज ते फेडायचे कोणी?

उपनिषदप्रेमी
छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात नेमकी हीच शंका आहे. गाढ झोपेत असतो तो आत्मा, असं प्रजापती शिकायला आलेल्या इंद्राला सांगतो. इंद्र निघतो, पण वाटेतूनच परततो: अशा झोपेत माणूस 'हा मी' असं स्वतःलाही ओळखत नाही, हा तर विनाशच झाला, यात मला काही हित दिसत नाही! प्रजापती त्याला रागावत नाही, आणखी पाच वर्षं ठेवून घेतो. इंद्राची त्याच्यापाशी एकूण एकशे एक वर्षं झाली तेव्हा पुढचं उत्तर मिळालं. कर्वेनगरकरांचं भय ते इंद्राचंच भय आहे. वेदान्ताचं उत्तर असं की ओळख ही मनाची वृत्ती. ती मावळली तरी जिच्या प्रकाशात ती दिसत होती ती जाणीव मावळत नाही.

कर्वेनगरकर
ते मला मान्य करता येईल. पण ती साक्षी जाणीव माझ्यात आणि तुमच्यात सारखीच असेल, तर तिच्यावरून कागद कोणाचा हे ठरत नाही. मला प्रश्न आहे तो शिरा आवडणाऱ्या त्या एका म्हाताऱ्याचा.

सूनबाई कोथरूड
त्यांना परकं ठरवल्याशिवाय तुम्हाला त्यांचे उपचार चालू ठेवता येत नाहीत का? रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकन कायदेतज्ज्ञाने १९९३ मध्ये बाजू मांडली की शुद्धीत असताना आयुष्याबद्दल जे ठरवलं त्याचाच मान ठेवावा. मी ते मानत नाही. सासूबाई त्याच आहेत, म्हणूनच तेव्हाचा कागदही त्यांचा आणि आजची भूकही त्यांचीच. माणूस शेवटपर्यंत आपलं मत बदलू शकतो, ते बोलून दाखवता आलं नाही तरी. न्यूमोनिया झाला तर मी अँटिबायोटिक देणार. घास तोंडाशी नेल्यावर त्या मान फिरवायला लागल्या, तर नळी घालू देणार नाही. दोन्ही निर्णय मी त्यांच्याकडे बघून घेईन.

प्रभात रोडवाला
आणि तुमच्या बघण्यात चूक झाली तर? सासूबाईंनी कागद केला असेल तो याच भीतीने की उद्या आपल्या वतीने दुसरंच कोणीतरी बघत बसेल. कागदात निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहिता येतं. त्यांनी तुमचं लिहिलं असेल तर मी गप्प बसतो. नसेल, तर आधी कागद वाचा.