मदत हवी आहे: कॉव्हेंट्रीच्या लोहारांच्या हिशेबातली नोंद

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या जुन्या नाट्यनोंदी १९८१ साली ग्रंथरूपाने संपादित करणारे आर. डब्ल्यू. इंग्रॅम यांच्यावर स्मरणलेख लिहीत आहे. त्यात लोहारांच्या संघाच्या हिशेबातली १५७३ची नोंद घ्यायची आहे: संघाच्या धार्मिक नाटकात जुडासला (येशूचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याला) फाशी देण्याचे फॉस्टनला चार पेन्स, कोंबड्यासारखं आरवण्याचेही चार. किती जिवंत वाटतं हे!

मूळ वह्या १८७९च्या बर्मिंगहॅम ग्रंथालयाच्या आगीत जळाल्या. थॉमस शार्प यांचं कॉव्हेंट्रीच्या नाटकांवरचं १८२५चं पुस्तक आणि इंग्रॅम यांचा खंड पाहिला आहे. शेक्सपिअरचे अभ्यासक हॅलिवेल-फिलिप्स यांनीही या हिशेबातले उतारे छापले होते. ते माझ्या हाताशी नाहीत. भाषांतर नको, इंग्रजी मूळ वाचता येतं. त्यांच्या उताऱ्यांत ही १५७३ची नोंद आहे का, आणि असल्यास ती वह्यांवरून घेतलेली की शार्प यांच्यावरून?