फुप्फुसाचा एनटीसीपी (किरणोपचाराने निरोगी ऊतीला इजा होण्याची शक्यता): एकाच प्लॅनला ५७ टक्के आणि २८ टक्के?

किरणकाठी:
फुप्फुसाचा कर्करोग, ३० फ्रॅक्शनमध्ये (बैठकांत) ६० ग्रे, व्हीमॅट (मशीन रुग्णाभोवती फिरवत किरण देण्याची पद्धत). दोन्ही फुप्फुसं वजा जीटीव्ही (दिसणारी गाठ), मीन लंग डोस (फुप्फुसाचा सरासरी डोस) २४ ग्रे. पायथनमध्ये लायमन-कुचर-बर्मन हे एनटीसीपीचं मॉडेल लिहिलंय. एन (आकारमानाचा परिणाम) ०.८७, एम (वक्राचा चढ; लहान एम म्हणजे उभा वक्र) ०.१८, टीडी५० (५० टक्के रुग्णांना त्रास होणारा डोस) २४.५ ग्रे घातलं की न्यूमोनायटिसची (किरणांमुळे फुप्फुसाला सूज) शक्यता ५७ टक्के येते. एन ०.९९, एम ०.३७, टीडी५० ३०.८ घातलं की २८. कोड गंडलाय की पॅरामीटर?

अर्धछाया:
कोड ठीक दिसतोय, गोम पॅरामीटरमध्ये आहे. पहिला संच बर्मनचा. तो १९९१ च्या एमामी तक्त्यावर (कोणता अवयव किती डोस सोसतो याचा तक्ता) बसवलेला, आणि तो तक्ता म्हणजे बऱ्याच अंशी तज्ज्ञांचा अंदाज: संपूर्ण फुप्फुसाला १७.५ ग्रेला ५ टक्के, २४.५ ला ५० टक्के. २४.५ × (१ − १.६४५ × एम) = १७.५ असं मांडून बघा, एम ०.१७ च्या आसपास येतो. म्हणजे वक्र उभा चढतो तो त्या दोन आकड्यांमुळे. दुसरा संच सेपेनवूल्डे यांचा, २००३ चा, खऱ्या रुग्णांच्या डेटावर बसवलेला. त्याचा वक्र बराच पसरट. म्हणून १८ ग्रेच्या आसपास दोन्ही जवळजवळ सारखंच सांगतात, २४ ला फाटा फुटतो. १० ग्रेला उलटा खेळ: बर्मन जवळपास शून्य, दुसरा ३ टक्क्यांच्या वर. बर्मनचा संच आता इतिहासापुरता ठेवा.

बिनखिडकी:
कोड ठीक आहे असं इतक्यात म्हणू नका. डीव्हीएच (कोणत्या डोसला किती आकारमान, हा आलेख) क्युम्युलेटिव्ह (त्या डोसला किंवा जास्तीला किती) एक्स्पोर्ट झालाय की डिफरेन्शियल (प्रत्येक डोस-बिनमध्ये किती)? सूत्राला डिफरेन्शियल लागतो, आणि सगळ्या बिनच्या आकारमानांची बेरीज १ हवी. एन = १ ठेवून जीईयूडी (सगळ्या अवयवाला समान दिल्यास तोच परिणाम करणारा डोस) काढा; तो प्लॅनिंग सिस्टिमच्या मीन डोसशी जुळला नाही तर पुढे जाऊच नका. श्वासनलिका आणि तिच्या मुख्य शाखा कंटूरमधून (आखलेल्या सीमेतून) वगळल्या आहेत ना, तेही बघा.

दुसरं, सेपेनवूल्डेंचे आकडे २ ग्रे प्रति फ्रॅक्शनला समतुल्य डोसवर आहेत, अल्फा/बीटा (ऊती फ्रॅक्शनच्या आकाराला किती संवेदनशील, याचं गुणोत्तर) ३. तुम्ही बहुतेक भौतिक डोस घालताय. रूपांतर सरासरीवर नाही, प्रत्येक बिनवर करायचं: डी × (डी/३० + ३) / ५. हाताने तपासायला: ५० टक्के फुप्फुस ५ ग्रेला, ३० टक्के २० ला, २० टक्के ५० ला. भौतिक सरासरी १८.५, रूपांतरानंतर १५.३. एनटीसीपी १४ वरून ९ टक्क्यांच्या खाली. व्हीमॅटमध्ये कमी डोसचा पसारा मोठा, त्यामुळे हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

किरणकाठी:
मीन जुळला. रूपांतर राहिलंच होतं. आता सरासरी २०.५, एनटीसीपी १८ टक्के. रुग्णाला सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, गाठ खालच्या लोबमध्ये. १८ ला काही गुणायचं का?

अर्धछाया:
१८ ला नको. क्वांटेकच्या वक्रात (अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला; टीडी५० ३०.८, गॅमा५० म्हणजे ५० टक्क्यांजवळचा चढ ०.९७), तुमच्या संचासारखेच, जोखमीचे रुग्ण आधीच मिसळलेले आहेत, वर पुन्हा गुणलं तर तीच जोखीम दोनदा मोजली जाते. आपेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जोखीम-घटक नसलेल्या रुग्णासाठी मूळ वक्र वेगळा काढला: टीडी५० ३४.४, गॅमा५० १.१९. त्यावर २० ग्रेला १२ टक्के येतात. मग ऑड्स (होण्याची शक्यता भागिले न होण्याची) गुणा, टक्के नाही. फुप्फुसाच्या आधीच्या आजाराला २.२७: ऑड्स ०.१३६ चे ०.३१, म्हणजे २४ टक्के. मधल्या-खालच्या भागातल्या गाठीला आणखी १.८७. थेट टक्के गुणले तर आकडा भलताच फुगतो.

बिनखिडकी:
एक भर: केमोरेडिएशननंतर ड्युरव्हालुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) द्यायचं असेल तर हे सगळे वक्र त्याच्या आधीच्या काळातले आहेत. त्या औषधाच्या पॅसिफिक चाचणीत औषधाच्या गटात न्यूमोनायटिस ३३.९ टक्के होता, प्लासिबोच्या गटात २४.८. ग्रेड ३-४ (तीव्र) मात्र ३.४ विरुद्ध २.६. त्यामुळे कोणत्या ग्रेडचा अंदाज काढताय ते आकड्याशेजारी लिहा. आणि दोन प्लॅनची तुलना करताना दोन्हीकडे तोच संच, तोच कंटूर, तेच अल्गोरिदम. पेन्सिल बीम आणि अक्युरॉस ही डोस मोजणारी अल्गोरिदम फुप्फुसात सारखा डोस दाखवत नाहीत.