तंबाखूचा पाइप कोरायला ड्रेमेल घेऊ नका, टांगती मोटर घ्या

काष्ठकीटक: भोकं पाडून मिळणारा ब्रायरचा ठोकळा आणून पहिला पाइप घडवला. (तंबाखू वाईट, मान्य. त्यासाठी वेगळा धागा काढा.) ड्रेमेल ४००० वर (हातात धरायचं छोटं, वेगाने फिरणारं विजेचं हत्यार) आठवडाभर खपल्यावर माझं मत झालंय की या कामाला ते हत्यार चुकीचं.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. लाकूड दाट आणि चिवट. ड्रेमेलचा सगळा जोर वेगात, मिनिटाला ५,००० ते ३५,००० फेरे. वेग उतरवला की बर (कोरणारं फिरतं टोक) टेकवताच मोटर मान टाकते, चढवला की लाकूड करपतं. तो काळा डाग नंतर रंगाखालूनही डोकावतो. शिवाय पाव इंची दांड्याचे जाडे कार्बाइड बर त्यात बसत नाहीत. फोरडम कंपनीची टांगती एसआर मोटर १८,००० फेऱ्यांवरच थांबते, पण पायाच्या पेडलवर सावकाश फिरतानाही अडत नाही. हातात फक्त हँडपीस (बर धरणारी मूठ), मोटर वर खुंटीला, मधे लवचीक शाफ्ट.

कानसमामा: मुळात मोटर हवी कशाला? तंबाखू भरायच्या वाटीचं भोक १९-२० मिमी, भिंत जेमतेम ६ मिमी ठेवायची. बर एकदा घसरला की भिंत पातळ, मग वाटी हाताला चटके देणार. आधी करवत, मग रास्प (भरड दातांची कानस), मग अर्धगोल कानस, शेवटी पॉलिश पेपर. दोन रविवारांचं काम.

काष्ठकीटक: मामा, वाटी आणि दांडी मिळतात त्या बगलेत कानस कशी घालता?

कानसमामा: करंगळीएवढी गोल कानस. पुण्यात बोहरी आळीत मिळते. तुमच्या मोटरच्या पैशात पोतंभर येतील.

दंतकथा: बायको दातांची डॉक्टर, म्हणून तिसरी बाजू मांडतो. दातांच्या दवाखान्यातली मायक्रोमोटरही (हँडपीसमध्येच बसवलेली छोटी मोटर) ३५,००० फेऱ्यांची असते, पण हातात थरथर जवळजवळ नाही. पृष्ठभागावर खडबडीत पोत काढायला याच्यासारखं काही नाही. मात्र बरचा दांडा २.३५ मिमीचा. ठोकळ्यातून आकार काढायला गेलो आणि हँडपीस असा तापला की धरवेना. क्लिनिकमधून न विचारता आणला होता, पुढचं लिहीत नाही.

तिठ्यावरचा: फोरडम अमेरिकेतून कुणाकरवी आणणार असाल तर पाटी वाचा. तिकडची मोटर ११५ व्होल्टची, आपल्या भिंतीत २३०. २३० वाली वेगळी मिळते, तीच मागवा. नाहीतर सोनार वापरतात ती देशी हँगिंग मोटर बघा. तत्त्व तेच. पैसे मोटरवर नाही, हँडपीसवर घाला. चक (बर पकडणारा जबडा) डुगडुगला की बर लाकडावर नाचतो. आणि शाफ्टला काटकोनात वाकवू नका, आतली तार तापून झिजते.

नवशिका_७: सरावाला शिसवाचा तुकडा घेतला तर?

तिठ्यावरचा: नको. त्याच्या भुशाची अनेकांना ॲलर्जी होते. वाटीसाठी तर नकोच. मास्क मात्र ब्रायरलाही लावा.

कानसमामा: काष्ठकीटक, पॉलिश पेपर तरी हातानेच फिरवता ना?

काष्ठकीटक: हो. अर्धा वेळ तोच खातो.

कानसमामा: मग मोटरने वाचवलं काय?

काष्ठकीटक: मनगट.