मदत हवी आहे: ऑनलाइन तासाला नावे दिसतात, उत्तर मात्र कोणीच देत नाही

सातरस्ता: सोलापुरातील एका महाविद्यालयात मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला सांख्यिकी शिकवतो. ऑनलाइन तासाला साठ-सत्तर नावे दिसतात, परंतु प्रश्न विचारला की शुकशुकाट असतो आणि तास संपल्यावरही काही नावे तशीच लटकत राहतात. सोमवारी प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप) सुरू करायचे आहे, तेव्हा नेमका उपाय सांगावा. ‘संवाद साधा’ हे मला ठाऊक आहे.

होटगीकर: सर, तास किती वाजता असतो, हजेरी कधी घेता आणि रेकॉर्डिंग देता का, हे आपण लिहिलेलेच नाही.

शिस्तप्रिय: यात विचारण्यासारखे काय आहे? कॅमेरा बंद असेल तर हजेरी देऊ नये. माझ्या वर्गात आता सगळे चेहरे दिसतात.

विडी_घरकुल: चेहरा दिसला म्हणजे लक्ष लागले, असे होत नाही. ज्या खोलीत आई विड्या वळते, त्याच खोलीत बसून मुलगी तास ऐकत असेल, तर तिने आपले घर सगळ्या वर्गाला का दाखवावे?

शिस्तप्रिय: मग सवलतीच देत बसा.

बार्शीकर: त्यापेक्षा त्यांना ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर पाठवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून करता येतात.

सातरस्ता: ते मी विचारलेले नाही. तास सायंकाळी सातला असतो, हजेरी सुरुवातीलाच घेतो आणि तासाभराचे रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतो. यात गैर काय?

होटगीकर: हजेरी आधी मिळते आणि धडा नंतर मिळतो, मग मुलांनी थांबायचे कशासाठी? त्यातून सातला अनेक जण दुकानात किंवा कारखान्यात कामावर असतात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओंच्या २०१४ मधील अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक तो साधारण सहा मिनिटांच्या आतच सोडतात, असे दिसले होते. म्हणून रेकॉर्डिंगचे तुकडे करावेत. प्रत्येकाला चाटी गल्लीतील किंवा आपल्या गावातील पाच दुकानांतून टॉवेलच्या किमती आणायला सांगावे, त्यांचेच प्रमाण विचलन तासात काढून घ्यावे आणि ते उत्तर हीच हजेरी धरावी. उत्तर सर्वांसमोर न मागता फक्त आपल्याला दिसेल असे मागवावे, कारण चुकण्यापेक्षा चारचौघांत चुकण्याची भीती मोठी असते.

शिस्तप्रिय: आकडे घरी बसून रचले नाहीत, हे कसे कळणार?

विडी_घरकुल: रचले तरी गणित करावेच लागेल ना?

सातरस्ता: सोमवारी करून पाहतो. तास रात्री नऊला ठेवला तर मुले येतील का, एवढे मात्र कोणीतरी सांगावे.