मसालेदार-लाकडी परफ्यूमचा वास मला दोन तासांत येईनासा होतो, इतरांना मात्र येत राहतो : मदत हवी आहे

नमस्कार,

गेले तीन आठवडे मी एका लहान नीश (मोजक्या ग्राहकांसाठी वेगळी परफ्यूम बनवणाऱ्या) कंपनीचे मसालेदार-लाकडी इओ द पार्फम, म्हणजे दाट अर्काचे परफ्यूम, वापरत आहे. वेलदोडा, काळी मिरी आणि लवंग वर (म्हणजे आधी जाणवणारे), तर चंदन, सीडर आणि वाळा तळाशी (म्हणजे शेवटी उरणारे), अशी त्याची रचना आहे. पहिली दहा मिनिटे तर मला फारच आवडतात. हिरवा वेलदोडा नखाने सोलताना दाण्यांपाशी जो गार, किंचित कापरासारखा वास येतो, अगदी तोच येतो आणि त्याच्या मागोमाग मिरीचा कोरडा झणका येतो. अर्ध्या तासाने लवंग पुढे येते आणि मग हळूहळू लाकूड जाणवू लागते. हे लाकूडच मला हवे आहे, आणि अडचणही नेमकी तिथेच आहे.

साधारण दोन तासांनी मला काहीच वास येत नाही. परफ्यूम उडून गेले असे समजून मागच्या आठवड्यात मी दुपारी पुन्हा तीन फवारे मारले, आणि संध्याकाळी घरी आलेल्या बहिणीला खिडकी उघडावी लागली. नुसत्या सकाळच्या दोन फवाऱ्यांवर राहिले तरी सहा तासांनी तिला माझ्याजवळ चंदनासारखा वास स्पष्ट येतो, असे ती सांगते. आपल्यामुळे शेजारी बसणाऱ्याचे डोके दुखत असेल आणि आपल्याला पत्ताही नसेल, या विचाराने मी आता ते लावायलाच बिचकते.

मसाले लवकर उडतात याबद्दल माझी तक्रार नाही. वेलदोड्यातले सिनिओल आणि मिरीतले पाइनीन व लिमोनीन हे हलके रेणू आहेत. त्यांचा रेणुभार १३६ ते १५४ इतकाच आहे. लवंगेतल्या युजेनॉलचा १६४, तर चंदनातल्या सँटॅलॉलचा २२०, म्हणून लाकूड मागे राहावे हे ओघानेच आले. ते राहतेही, फक्त मला जाणवत नाही. माझा संशय आयसो ई सुपरवर आहे. सीडरसारख्या मखमली वासाचा हा कृत्रिम रेणू अनेक लाकडी परफ्यूममध्ये भरपूर वापरतात, २००६ साली आलेले मॉलिक्यूल ०१ नावाचे परफ्यूम तर केवळ त्याच्यावरच बेतलेले आहे, आणि काही जणांना त्याचा वास येतच नाही किंवा येतो-जातो. माझ्या बाटलीवर युजेनॉल, लिमोनीन अशी मोजकी नावे असून बाकी सारे ‘परफ्यूम’ या एका शब्दात सामावले आहे, त्यामुळे खात्री करता येत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहिला. कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारून ती रात्रभर बंद खणात ठेवली. सकाळी खण उघडताच पेन्सिलीला टोक काढताना निघणाऱ्या सालपटांसारखा कोरडा, गोडसर वास मला लख्ख आला. पण पट्टी नाकाशी धरून ठेवली तर मिनिटभरातच तो नाहीसा झाला. म्हणजे माझ्या नाकाला लाकूड कळते, फक्त त्याची सवय फार लवकर होते, असे मला वाटते. मी फवारे गळ्याच्या खोबणीत मारत असे, म्हणजे दिवसभर नाकाखालीच. दोन दिवस ते मानेच्या मागे मारून पाहिले, तेव्हा चौथ्या तासालाही मान वळवताना मधूनच एखादी झुळूक आली. मात्र ते दोन्ही दिवस गार होते, म्हणून फरक जागेमुळे पडला की हवेमुळे, हे मला ठरवता येत नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे, की नाकाला सवय होणे आणि एखादा ठरावीक रेणू मुळातच न जाणवणे, यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा, हे कृपया सांगावे. दुसरे असे, की माझी त्वचा कोरडी आहे आणि कागदावर मवाळ वाटणारी लवंग तिच्यावर तासभर टोचत राहते. आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर लावल्यास ती सौम्य होईल, की लाकडाचा दरवळ अधिकच वाढेल? बंद खोलीत चारचौघांत बसायचे असताना अशा परफ्यूमचे किती फवारे पुरेसे होतात, हेही स्वतः वापरणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल, कारण याबाबतीत मला माझ्या नाकावर विसंबता येत नाही. तारखा टाकलेल्या पट्ट्या मी खणात जपून ठेवल्या आहेत. त्यांवर आणखी काही तपासून पाहण्यासारखे असेल तर जरूर सुचवावे.